वाळवंट : पाहुण्याचे आणि घरच्यांचे

वाळवंट हा शब्द ऐकला की आम्हा मुसलमान वाचकांच्या मनात भूगोल जागा होत नाही, श्रद्धा जागी होते. नात ऐकताना, मिलादच्या मजलिशीत, मौलवीसाहेबांच्या बयानात सहरा येतो तो खजुराची झाडे, काफिले आणि चांदणे घेऊन. त्या सहरात कुणी चूल पेटवत नाही, कुणाला ताप येत नाही, कुणाची शेळी मरत नाही. मराठी भाषेने तर आणखी एक गंमत करून ठेवली आहे. नदीकाठच्या वाळूला तिने वाळवंट म्हटले आणि खऱ्या मरुभूमीलाही तेच नाव दिले. चंद्रभागेच्या वाळवंटामुळे मराठी माणसाला वाळवंटात माणसे जमतात हे पक्के ठाऊक आहे. वाळवंटात माणसे राहतात, पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे त्याच्या ध्यानीमनी नसते.

अलीकडे यात तिसऱ्या एका वाळवंटाची भर पडली आहे. विजेची तार नाही, नळ नाही, फोनची रेंज नाही अशा ठिकाणी जाऊन राहण्याची शहरी श्रीमंतांना हौस सुटली आहे. तिला ‘ऑफ-ग्रिड’ असे नाव आहे. जैसलमेरच्या वाळूत तंबू ठोकून, कंदील लावून, दोन रात्रींचे भरपूर पैसे घेणारे लोक आहेत आणि आनंदाने देणारेही आहेत. आमच्या मराठवाड्यातल्या कैक वाड्यावस्त्यांनी हा ‘अनुभव’ वर्षानुवर्षे फुकट घेतला, तेव्हा त्याला कुणी नाव दिले नव्हते.

ही तिन्ही वाळवंटे मनात घेऊन आम्ही गेल्या वर्षभरात काही पुस्तके ओळीने वाचली. बहुतेक इंग्रजीतून किंवा इंग्रजी अनुवादातून, एक हिंदीतून. वाचता वाचता एक प्रश्न हाताशी आला आणि पुढचे प्रत्येक पुस्तक आम्ही त्याच प्रश्नावर घासून पाहिले. तारेविना, नळाविना चाललेल्या या जगण्यातून निघून जाण्याची मुभा कुणाला होती? लेखकाला हा प्रश्न सुचला आहे का?

आरंभ विल्फ्रेड थेसिगरच्या ‘अरेबियन सँड्स’पासून करणे भाग आहे, कारण वाळवंटाविषयी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या पुस्तकाशी भांडावे किंवा जुळवून घ्यावे लागते. थेसिगर जन्मला १९१० साली आदिस अबाबात, शिकला ईटन आणि ऑक्सफर्डला. टोळधाडीची उत्पत्तिस्थाने शोधणाऱ्या इंग्रजी खात्याच्या कामावर तो अरबस्तानात आला आणि १९४६ ते १९४८ या काळात त्याने रुब-अल-खाली हे महावाळवंट दोनदा ओलांडले. पुस्तक निघाले १९५९ साली. राशिद टोळीतले दोन तरुण, बिन कबीना आणि बिन गबैशा, हे त्याचे जिवाभावाचे सोबती. पुस्तक त्या दोघांनाच अर्पण केलेले आहे.

पुस्तक मोठे आहे, हे आधी मान्य करू. बदूंचे जगणे त्याने लांबून पाहिलेले नाही. तो त्यांच्याबरोबर अनवाणी चालला, खारट पाणी प्यायला, त्यांच्याइतकाच उपाशी राहिला. त्यातला सशाचा प्रसंग आम्हाला विसरता येत नाही. कित्येक दिवस अर्धपोटी काढल्यावर या मंडळींना एक ससा सापडतो. रश्श्याचा वास सुटलेला आहे, रोटी भाजून होत आली आहे, आणि तेवढ्यात टेकाडावरून तीन अनोळखी अरब येताना दिसतात. मेहमान! ससा आणि रोटी त्यांच्यापुढे ठेवली जाते. अल्लाहनेच तुम्हाला धाडले, असे म्हणत आग्रहाने वाढले जाते. यजमान उपाशी. थेसिगर प्रामाणिकपणे सांगतो की त्या घडीला त्याच्या मनात पाहुण्यांविषयी खुनशी विचार आले. दुसऱ्या एका ठिकाणी चिंध्या पांघरलेला एक म्हातारा भेटतो. बिन कबीना त्याच्याकडे अपार आदराने पाहतो. का, तर हा माणूस एकेकाळी धनवान होता आणि आल्यागेल्यासाठी उंट कापता कापता कफल्लक झाला. दिलदारपणाने कंगाल झालेला माणूस हा त्या समाजाचा थोर पुरुष.

इथे थेसिगरने जे पाहिले ते खरे आहे, पण त्याचा अर्थ लावताना तो अडखळतो असे आम्हाला वाटते. तो याला स्वभावाचा मोठेपणा म्हणतो. वाळवंटाने माणूस घासूनपुसून शुद्ध केला, असा त्याचा सूर आहे. आमच्या मते हा शुद्धतेचा नव्हे, व्यवस्थेचा मामला आहे. जिथे दुकान नाही, दवाखाना नाही, चौकी नाही, तिथे आज मी तुला दिलेला ससा हाच उद्याचा माझा विमा. तार नसलेल्या मुलुखात माणूस एकटा जगतो हा शहरी गैरसमज आहे. तिथे तो शहरापेक्षा दसपटीने दुसऱ्याला बांधलेला असतो. वीज आणि नळ आल्यावर शेजाऱ्याची गरज कमी होते, हे आपल्याच गल्लीत कुणालाही तपासून पाहता येईल.

आणि आता तो प्रसंग, ज्यावर आमच्या मते सगळे पुस्तक तोललेले आहे. पहिल्या सफरीच्या शेवटाकडे अन्न संपते. सोबत्यांपैकी काहीजण वस्तीत धान्य आणायला जातात. थेसिगर ख्रिस्ती, परका. त्याला वस्तीत नेणे धोक्याचे. तो वाळूवर तीन दिवस उपाशी पडून राहतो. मोटारी, लॉऱ्या, भरलेली ताटे डोळ्यांपुढे येतात. आणि मग तो स्वतःशी ठरवतो की खुर्चीत बसून, पोटभर जेवून, रेडिओ ऐकत आणि मोटारीवर विसंबून राहण्यापेक्षा ही इथली उपासमार त्याला अधिक प्यारी आहे.

हे वाक्य त्याला म्हणता आले, कारण ती खुर्ची लंडनमध्ये त्याची वाट पाहत होती. सोबत्यांमध्ये सोळा-सतरा वर्षांचा बिन कबीना होता, त्याला असे काही म्हणण्याची सोय नव्हती. त्याच्यासाठी भूक ही निवड नव्हतीच. थेसिगर खोटे बोलतो असे आम्ही म्हणत नाही; तो अर्धेच बोलतो. १९७७ साली तो ओमानला आणि अबुधाबीला परत गेला. जुने दोस्त भेटले, संसारी झालेले, गाड्या बाळगणारे. त्यांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले आणि तो मनातून खचला. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने ही निराशा लपवलेली नाही. १९९० सालच्या भेटीनंतर मात्र झालेला बदल त्याने थोडाफार स्वीकारला. वाचकाने मात्र विचारायला हवे की ज्या तरुणांवर एवढी माया केली, त्यांच्या दारात गाडी आली, मुलाला इस्पितळ मिळाले, याचे दुःख का व्हावे? पाहुण्याला घर जुनेच हवे असते. छपरातून गळणारे पाणी ज्याच्या अंथरुणावर पडते त्याचे मत वेगळे असते.

मग तारा आल्या, नळ आले, म्हणजे झाले का? थेसिगरच्या रडगाण्याला हे उत्तर पुरेसे असते तर अब्दुर्रहमान मुनीफला पाच खंड लिहावे लागले नसते.

मुनीफ १९३३ साली अम्मानमध्ये जन्मला. बाप सौदी, आई इराकी. बगदाद आणि कैरोत शिक्षण, बेलग्रेडहून तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट, मग सीरियाच्या तेलखात्यात नोकरी, पुढे बगदादमध्ये तेल आणि विकास या विषयावरील नियतकालिकाचे संपादन. १९६३ साली सौदी सरकारने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. २००४ साली तो दमास्कसमध्ये वारला. तेलाविषयी कादंबरी लिहिणारे लेखक पुष्कळ असतील, तेलाचा हिशेब कळणारा कादंबरीकार विरळा. ‘मुदुन अल-मिल्ह’, म्हणजे ‘मिठाची शहरे’, हा पाच खंडांचा ग्रंथ १९८४ ते १९८९ मध्ये निघाला. आम्ही इथे पहिल्या खंडाविषयीच बोलणार आहोत. त्याचे नाव ‘अत-तीह’, म्हणजे भरकटणे. पीटर थेरू यांचा इंग्रजी अनुवाद १९८७चा आहे.

वादी अल-उयून हे वाळवंटाच्या पोटातले एक हिरवे ठिकाण आहे. झरे आहेत, खजुरी आहेत, काफिले थांबतात, बातम्या येतात, पोरे काफिल्यांबरोबर निघून जातात, काही परततात, काही नाही. मुनीफ या गावाला स्वर्ग करत नाही. दुष्काळ आहे, भांडणे आहेत, दारिद्र्य आहे. पण त्या गावाला स्वतःची लय आहे आणि ती कुठल्याही तारेवर अवलंबून नाही. मग परके येतात. ते पाणी शोधायला आले आहेत असे गावाला सांगितले जाते. ते अरबी बोलतात, नमुने गोळा करतात, टोळ्यांविषयी, धर्माविषयी वेड्यासारखे प्रश्न विचारतात. मुतइब अल-हज्जाल हा एकटा माणूस पहिल्या दिवसापासून सांगतो की यांचे लक्षण ठीक नाही. इब्न राशिदसारख्यांना मात्र पुढचा नफा दिसतो. आणि एके दिवशी पिवळी यंत्रे येतात आणि खजुरीची झाडे उपटायला लागतात.

झाडे पडण्याचे ते वर्णन आम्ही दोनदा वाचले, तिसऱ्यांदा वाचवले नाही. मुनीफ तिथे रडत नाही. झाड पडते आणि मुतइबकडे पाहत उभी असलेली माणसे दिसतात, एवढेच. मुतइब आपल्या ओमानी उंटिणीवर बसतो आणि वाळवंटात नाहीसा होतो. बायको वदहा, तिची वाचाच जाते. पुढे शेकडो पाने मुतइब दिसत नाही, पण त्याच्याविषयी बोलले जाते. विजेच्या कडकडाटात तो दिसला, अमुक ठिकाणी त्याने आग लावली. गेलेला माणूस आता अफवा म्हणून राहतो.

यानंतर कादंबरी हर्रान या किनाऱ्यावरच्या गावी जाते. तिथे दोन शहरे उभी राहतात. एक अमेरिकनांचे, गार हवेचे. दुसरे अरबांचे, पत्र्याच्या उकाड्याचे. तार आली, पण ती कुणाच्या घरात आली हे मुनीफ नेमके दाखवतो. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात बोचणारा तपशील उंटांचा आहे. कंपनीत मजूर म्हणून आलेल्या माणसांना आपले उंट सोडावे लागतात. आता यांची गरज काय, असे म्हणत ते इब्न राशिदच्या ताब्यात जातात. बदूला उंट म्हणजे वाहन, दूध आणि पुंजी. पण त्याहून अधिक म्हणजे कधीही उठून चालू लागण्याची ताकद. उंट गेला त्या दिवशी निघून जाण्याची मुभा गेली. पगार सुरू झाला आणि माणूस जागच्या जागी बांधला गेला. अमीर बिचारा दुर्बिणीत आणि रेडिओत रमला आहे. त्या रेडिओचे प्रकरण विनोदी आहे, आणि हसता हसता आपल्याला लाज वाटू लागते, कारण आपल्याकडच्या कितीतरी पुढाऱ्यांचे चेहरे आठवतात.

या कादंबरीवर जॉन अपडाइक यांनी १९८८ साली एक गाजलेले परीक्षण लिहिले. लेखक पुरेसा पाश्चात्त्य झालेला नसल्याने याला कादंबरी म्हणावे असे काही जमलेले नाही, अशा आशयाचे. एक नायक नाही, त्याचा अंतर्मनाचा प्रवास नाही, ही त्यांची तक्रार. अमिताव घोष यांनी १९९२ साली या ग्रंथाची दखल घेताना वेगळाच मुद्दा मांडला. तेलाने एवढे जग बदलले, तरी तेलाच्या या गाठीभेटीतून साहित्य मात्र जवळपास उपजलेच नाही, असे त्यांनी म्हटले. आम्हाला घोष यांचा मुद्दा पटतो आणि अपडाइक यांची तक्रार हीच या पुस्तकाची खूण वाटते. ज्या गावात विहीर एक, सावली एक आणि संकट एक, त्या गावाची गोष्ट एकाच नायकाच्या मनातून कशी सांगणार? तिथे ‘लोक म्हणाले’ हाच निवेदक असतो. मराठी वाचकाला यात परके काहीच नाही. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली आली तेव्हा धरणाखाली गेलेल्या गावाची हीच सामूहिक कळ आपण ओळखली होती. त्यातही प्रकाश दुसऱ्याच्या घरी जातो आणि अंधार गावच्या वाट्याला राहतो.

मात्र मुनीफवर आमचा एक आक्षेप आहे. आपल्या कोकणातल्या मुसलमान घरांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना तो लगेच कळेल. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांमधून माणसे या मिठाच्या शहरांत गेली. कित्येक घरांवरचे कौल जाऊन स्लॅब आला तो त्या पैशातून. मुनीफची शहरे मीठ आहेत, पाणी लागताच विरघळतील, असे त्यानेच मुलाखतीत सांगितले होते. पण त्या मिठावर आमची भाकरी शिजली, याचे काय करायचे? पहिल्या खंडाचा काळ आधीचा आहे हे मान्य करूनही वाटते की मुनीफच्या क्रोधाला पुढे जाऊन या परक्या मजुराचा चेहरा दिसायला हवा होता.

तो चेहरा दाखवला मल्याळममध्ये बेन्यामिनने. ‘आडुजीवितम्’ ही कादंबरी २००८ सालची, इंग्रजी अनुवाद २०१२चा. २०२४ साली तिच्यावर चित्रपटही आला. केरळचा नजीब रियाधच्या विमानतळावर उतरतो आणि भलत्याच मालकाच्या गाडीत बसतो. तो पोचतो माणसापासून शेकडो मैल दूर, शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यावर. वीज नाही, छप्पर नाही, बोलायला माणूस नाही. खायला कोरडा खुबूस. पहिल्या सकाळी तो शौचानंतर टाकीतले पाणी घेतो, तर पाठीवर पट्टा बसतो. पाणी शेळ्यांसाठी आहे, माणसाच्या स्वच्छतेसाठी नाही. नमाजी घरातल्या माणसाला हा घाव कुठे लागला असेल हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

थेसिगर आणि नजीब यांना शेजारी बसवून पाहा. वाळू तीच, उन्हाळा तोच, तारेचा अभाव तोच. एकाला तिथे मुक्ती दिसली आणि दुसऱ्याला कैद. फरक वाळवंटात नाही. एकाच्या खिशात परतीचे तिकीट आहे, दुसऱ्याकडे कसलाच रस्ता नाही. आणि ज्या मेहमाननवाजीची थेसिगरने एवढी कवने गायिली, तिची चौकटही इथे उघडी पडते. ससा पाहुण्याला मिळतो, गुलामाला नाही. बदूंच्या परस्पर-बांधिलकीत नजीबला जागाच नाही, कारण उद्या परतफेड करील असा त्याचा कबिला तिथे कुठेच नाही. बेन्यामिनच्या कादंबरीत काही ठिकाणी भावुकता जास्त झाली आहे, पळून जाण्याचा प्रवास थोडा लांबला आहे. पण शेळ्यांना आपल्या गावच्या माणसांची नावे देणारा नजीब एकदा भेटला की ही कुरकुर आपोआप थांबते. एकट्याला जगता येत नाही म्हणून त्याने शेळ्यांचेच गाव वसवले.

लिबियाचा इब्राहिम अल-कोनी या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातकुळीचा. १९४८चा जन्म, तुआरेग समाजाचा, अरबी शिकला तो बारा वर्षांचा झाल्यावर, साहित्याचे शिक्षण मॉस्कोच्या गॉर्की संस्थेत. ‘नझीफ अल-हजर’ (१९९०) या छोट्या कादंबरीतला असूफ कड्यांच्या खोऱ्यात एकटा शेळ्या राखतो, खडकांवरच्या प्राचीन चित्रांची राखण करतो आणि माणसांपासून दूर पळतो. बापाने शिकवलेलेच तसे. इथे ‘बाहेर’ आहे ते शिकारी आणि हेलिकॉप्टर घेऊन येते, हरणांचे कळप संपवते आणि शेवटी असूफलाच खडकाला लटकवते. असूफला निघून जाता येत होते. तो गेला नाही. कोनीकडे पुराणाची धग आहे, पण तो माणसाला इतका एकाकी करतो की आम्हाला मधूनच शंका येते. ज्या मुलुखात बाप शिकारीत आणि आई पुराच्या लोंढ्यात मरू शकते, तिथे माणूस खरोखरच शेजाऱ्यावाचून संत होऊन जगला असेल का? आईचा तो मृत्यू मात्र कोनीने दोनचार ओळींत असा सांगितला आहे की वाळवंटात माणूस पाण्यानेच वाहून जातो हे वाचून अंगावर काटा येतो.

आतापर्यंत एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. या पुस्तकांमध्ये बायका कुठे आहेत? थेसिगरच्या पुस्तकात त्या तंबूच्या पडद्याआड आहेत, मुनीफची वदहा मुकी होते. पाणी भरणारी, शेळी दोहणारी, तंबू विणणारी आणि उभारणारी बाई नसेल तर तारेविना जगण्याची ही सगळी वीरगाथा चार दिवसही चालणार नाही. लीला अबू-लुघोद या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या औलाद अली लोकांमध्ये राहून ‘व्हेल्ड सेंटिमेंट्स’ (१९८६) लिहिले. वडिलांनी स्वतः बरोबर येऊन त्यांची त्या कुटुंबाशी ओळख करून दिली, कारण एकट्या आलेल्या मुलीला तिथे मान मिळाला नसता. त्या बायका ‘घिन्नावा’ म्हणजे छोटी गाणी रचतात. चारचौघांत बोलताना त्या इज्जतीची भाषा बोलतात, तक्रार करत नाहीत. आणि गाण्यात मात्र मन मोकळे करतात. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे नव्याने शिकवायला नको. मिराल अल-तहावीची ‘अल-खिबा’ (१९९६) ही तर त्या आतल्या अंगणातूनच लिहिलेली कादंबरी. तिथली फातिमा भिंतीआड वाढते. सीमा नसलेल्या वाळवंटात बाईला मात्र कुंपण आहे, हे कळायला आम्हाला एका बदू लेखिकेचे पुस्तक वाचावे लागले.

आता परक्या मुलुखांतून थोडे घराकडे येऊ. अनुपम मिश्र यांचे ‘राजस्थान की रजत बूँदें’ (१९९५) हे हिंदी पुस्तक साहित्याच्या कपाटात सहसा ठेवले जात नाही. आम्ही ते मुद्दाम कादंबऱ्यांच्या रांगेत ठेवले आहे. थरच्या वाळूत माणसाने पाणी कसे राखले त्याची ही हकिकत. मिश्रजी पाण्याचे तीन प्रकार सांगतात. पावसाचे ते पालर, खोल जमिनीतले ते पाताळ पाणी, आणि या दोहोंच्या मध्ये वाळूत अडकलेली ओल ते रेजाणी. खाली खडूसारख्या दगडाची पट्टी असते म्हणून ही ओल खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तेवढ्या ओलीसाठी अरुंद कुंई खोदतात. आत उतरलेल्या माणसाचा जीव गुदमरू नये म्हणून वरून मूठमूठ वाळू जोराने टाकत राहतात, तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते. भिंत ढासळू नये म्हणून खींप गवताचा दोर वेटोळ्यांनी रचतात. एवढे करून दिवसाला पाणी मिळते दोन-तीन घागरी.

यातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब अशी की कुंई खासगी असते, पण जमीन गावाची. ओल मर्यादित आहे, नवी कुंई खोदली की शेजारच्या कुंईच्या वाट्यातून पाणी जाते. म्हणून गावाच्या परवानगीवाचून नवी कुंई नाही. खोदणाऱ्या कारागिराचे गावाशी नाते मजुरी घेऊन संपत नसे. सणावारी, सुगीला त्याचा हिस्सा असे. पुढे ते नाते रोख मजुरीवर येऊन थांबले. थेसिगरला जे स्वभावात दिसले ते मिश्रजी नियमात दाखवतात. म्हणून त्यांचे पुस्तक आम्हाला थेसिगरपेक्षा खरे वाटते. कमतरता आहेच. कुणाच्या घागरीला कुणाची कुंई बंद होती, पाण्याच्या काठावर जात कशी उभी होती, यावरून ते फार हलक्या पावलांनी निघून जातात. बायकांच्या डोक्यावरची घागर त्यांना सुंदर दिसते, जड दिसत नाही. महाडच्या तळ्याचा इतिहास ज्या भाषेत आहे त्या भाषेच्या वाचकाने हे विचारल्यावाचून राहू नये.

ही झाली पुस्तके. त्यांच्याकडून उचललेला प्रश्न आजच्या वाळवंटावर लावून पाहू. इस्रायलमधील नकब, ज्याला नेगेव म्हणतात, त्या वाळवंटात बदूंची कित्येक गावे सरकारी नकाशावर नाहीत. १९६५च्या बांधकाम कायद्याने अशा ‘अमान्य’ घरांना वीज, पाणी, फोन जोडायला मनाई केली. वादी अल-नआम हे त्यातले एक गाव. गावाच्या मधोमध वीजकेंद्र आहे, डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा जातात, शेजारी रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे; आणि घरांना सरकारी वीज नाही. माणसे छपरावर सौर पट्ट्या लावून राहिली. अल-अराकीब हे दुसरे गाव २७ जुलै २०१० रोजी जमीनदोस्त केले गेले. लोकांनी पुन्हा झोपड्या उभारल्या. त्या पुढच्या दहा वर्षांत दीडशेहून अधिक वेळा पाडल्या गेल्या, आणि तितक्याच वेळा उभ्या राहिल्या. २०२२ साली काही घरांना जोडणी देता येईल असा कायदा झाला, पण त्याने गावांना मान्यता दिली नाही.

ही माणसेही तारेविनाच राहतात. छपरावरची सौर पट्टी पाहून एखादा हौशी प्रवासी त्यांना ‘ऑफ-ग्रिड’ म्हणेलही. त्यांना नगरांत जाऊन राहण्याची मुभा आहे, किंबहुना सरकारचा आग्रहच आहे. अट एवढीच की जमीन सोडायची. थेसिगरला परतीचा रस्ता होता. नजीबला रस्ताच नव्हता. यांना रस्ता आहे आणि ते जात नाहीत. मुनीफचा मुतइब उंटिणीवर बसून निघून गेला, त्याने न जाता तिथेच तळ ठोकला असता तर काय झाले असते, याचे उत्तर अल-अराकीबचे लोक झोपडी झोपडी उभारून लिहीत आहेत.

लेख लिहायला घेण्याआधी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरी गेलो होतो. त्या घरचे कर्ते पुरुष १९७८ साली पाइपलाइनच्या छावणीवर कामाला गेले, वस्तीपासून फार दूर, वाळूत. दादींनी त्यांची पत्रे पत्र्याच्या पेटीत कापडात बांधून ठेवली आहेत. काही उर्दूत, काही मोडक्यातोडक्या मराठीत. आम्हाला आशा होती की सहराविषयी, तिथल्या रात्रींविषयी, उंटांविषयी काहीतरी सापडेल आणि लेखाला शेवट मिळेल. दुपारभर बसून सगळी वाचली. एकाही पत्रात वाळवंट नाही. धाकट्याचा खोकला बसला का, कर्ज किती फिटले, आणि मे महिन्याच्या प्रत्येक पत्रात एकच विचारणा, यंदा विहिरीला पाणी कुठवर उतरले.